सावली आणि सावळेपणा : छत्रीच्या निवडीविषयी

'उजेड' आणि 'उजळ' हे शब्द एकाच कुळातले, पण मराठीत त्यांचे संसार वेगळे आहेत. उजेड पडला की वस्तू जशी आहे तशी दिसू लागते. उजळ म्हणताना मात्र वस्तूनेच बदलावे अशी अपेक्षा आपण मनात धरलेली असते. भांडी उजळायची असतात, दागिना उजळायचा असतो आणि स्थळांच्या जाहिरातीत मुलीचा वर्णही उजळ असावा लागतो. छायाचित्रकाराच्या स्टुडिओत या दोन शब्दांची गल्लत रोज होते. गिऱ्हाईक उजळपणा मागते, छायाचित्रकार त्यासाठी उजेड वाढवतो आणि या व्यवहारात चेहरा हरवतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी अगदी तांत्रिक आहे. व्यक्तीचे छायाचित्र घेताना फ्लॅशचा प्रखर झोत मऊ करण्यासाठी जी छत्री वापरतात, ती कशी निवडावी? पांढरी की रुपेरी, लहान की मोठी, जवळ की दूर? साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या परिभाषेतच आहे. 'व्यक्तिचित्र' हा शब्द आपण चित्रकलेकडून उसना घेतला, 'शब्दचित्र' हाही तसाच, आणि समीक्षेत 'छायाप्रकाशाचा खेळ' हा शब्दप्रयोग तर इतका झिजला आहे की छाया कशी पडते आणि प्रकाश कुठून येतो, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे की छत्रीची निवड ही मुळात प्रकाशाची निवड नाही, सावलीची निवड आहे. आणि आपल्याकडच्या चेहऱ्यांपुरते बोलायचे तर ती सावळेपणाला दिलेल्या किंवा नाकारलेल्या प्रतिष्ठेची निवड आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात, ते काशीमीरा या दृष्टीने पाहण्यासारखे ठिकाण आहे. काशी आणि मीरा या दोन गावांच्या नावांचा हा जोड. २००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली, तेव्हाही येथे गावाच्या खुणा होत्या आणि शोधणाऱ्याला त्या आजही सापडतात. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि त्याच्या कडेचे आदिवासी पाडे, दुसऱ्या अंगाला इमारतींच्या रांगा, मधून अहोरात्र वाहणारा महामार्ग. अशा नाक्यावरच्या छोट्या स्टुडिओत जे चेहरे येतात, ते एका जातीचे, एका प्रांताचे, एका रंगाचे नसतात. वारली बाई येते, कोकणातून आलेले निवृत्त गिरणी कामगार येतात, पूर्वांचलातला रिक्षाचालक येतो, गुजराती व्यापारी येतो, वसईकडचे ख्रिस्ती कुटुंब येते. काउंटरवर मात्र मागणी बहुधा एकच असते : फोटो 'साफ' आला पाहिजे. 'साफ' या शब्दाचा अर्थ कोणी उलगडून सांगत नाही, पण सर्वांना तो कळतो. सावली नको, सुरकुती नको आणि रंग दोन छटा वर.

ही मागणी पुरी करण्याची ठरलेली रीत आहे. दहा बाय बाराची खोली, मागे निळा किंवा पांढरा पडदा, स्टुलाच्या दोन्ही अंगांना सारख्याच अंतरावर सारख्याच शक्तीचे दोन दिवे आणि त्या दोघांवर दोन छत्र्या. डावीकडची सावली उजवीकडचा दिवा पुसतो, उजवीकडची डावीकडचा. ओळखपत्राच्या फोटोसाठी ही रचना योग्यच आहे, कारण तिथे चेहऱ्याचे काम केवळ ओळख पटवण्याचे असते आणि नियमांनाही चेहऱ्यावर व पार्श्वभूमीवर सावली चालत नाही. अडचण एवढीच की हीच रचना साखरपुड्याच्या फोटोला, निवृत्तीच्या फोटोला आणि आजीच्या फोटोलाही लावली जाते. छत्री दोन्ही ठिकाणी आहे. म्हणजे प्रश्न छत्री आहे की नाही हा नसून तिच्याकडून काय काम करून घेतले जाते, हा आहे.

प्रकाश मऊ होतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. त्याविषयी एक समज फार रूढ आहे : कापडातून गाळला की प्रकाश मऊ होतो, जसे पीठ चाळले की मऊ होते. वस्तुतः कापडात तशी जादू नाही. सावलीची कड तीव्र राहणार की विरघळणार, हे चेहऱ्याच्या जागेवरून प्रकाशाचा उगम केवढा दिसतो यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर, पण तो पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून उन्हाची सावली कात्रीने कापल्यासारखी पडते. फ्लॅशची काच दोन-तीन इंचांची, त्यामुळे तिचीही सावली तशीच. त्याच फ्लॅशसमोर साधारण एक मीटर व्यासाची छत्री उघडली आणि ती चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवली, तर चेहऱ्याच्या दृष्टीने तो उगम पन्नास अंशांहून अधिक जागा व्यापतो. नाकाच्या एका बाजूला छत्रीच्या ज्या भागाचा प्रकाश पोहोचत नाही, तिथे तिच्या दुसऱ्या भागाचा पोहोचतो. सावली नाहीशी होत नाही; तिला पायऱ्या मिळतात. 'मऊ' या विशेषणाचा खरा अर्थ या पायऱ्यांत आहे.

आपल्या हवामानाला हे तत्त्व नवीन नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात असे दोन दिवस येतात की मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लुप्त होते. 'शून्य सावलीचा दिवस' हे त्याचे नाव सुंदर आहे. पण त्या वेळी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे. काठीची सावली नसते, मात्र डोळ्यांच्या खोबण्या काळवंडलेल्या असतात, नाकाखाली डाग पडलेला असतो. जुलैतल्या त्या दिवशी बहुधा आकाश भरलेले असते आणि तोच चेहरा अंगणात शांत, भरीव दिसतो. सूर्य तोच असतो; दरम्यान ढगांनी त्याला क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरवलेले असते. पावसाळी आभाळ ही कोकणपट्टीची सर्वांत मोठी छत्री आहे.

जुन्या छायाचित्रकारांना हे ठाऊक होते, आणि त्यांच्यापाशी फ्लॅश नव्हता म्हणूनच अधिक नीट ठाऊक होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते, आणि नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रे घेत. त्या काळचे स्टुडिओ काचेच्या छपराचे असत, काच शक्यतो उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन आत येऊ नये. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे हा युरोपीय नियम येथे वर्षभर तंतोतंत चालत नाही. काचेखाली पांढरे पडदे ओढावे लागतात. आजची पांढरी छत्री ही त्या काचेच्या छपराची आणि पडद्याची घडी घालून पिशवीत टाकलेली आवृत्ती आहे.

आता निवडीकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या छत्र्या मुख्यतः तीन कुळांतल्या. पहिली पांढरी, आरपार. फ्लॅश तिच्या पोटातून चेहऱ्याकडे रोखलेला असतो आणि प्रकाश कापडातून पार होतो. दुसरी पांढऱ्या अस्तराची, बाहेरून काळी. इथे फ्लॅशची पाठ चेहऱ्याकडे असते आणि प्रकाश छत्रीच्या पोटावर आपटून परततो. तिसरी तशीच, पण अस्तर रुपेरी किंवा सोनेरी.

आरपार छत्रीचा मोठा गुण म्हणजे ती चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते, कारण तिचे फुगीर अंग माणसाकडे असते. परतवणाऱ्या छत्रीत दांडा आणि दिवा मध्ये येतात, त्यामुळे अंतर राखावे लागते. जवळिकीचे महत्त्व वर सांगितलेच आहे. अंतर दुप्पट केले की छत्री चेहऱ्याला निम्मी दिसते, सावलीची कड पुन्हा तीव्र होते आणि चेहऱ्यावरचा प्रकाश चौथाईवर येतो. म्हणून छत्रीचा व्यास जेवढा, साधारण तेवढेच तिचे चेहऱ्यापासूनचे अंतर, हा ठोकताळा चांगला आहे. एकट्या माणसाच्या छातीपर्यंतच्या चित्राला ४३ इंचांची छत्री पुरते. पाच जणांचे कुटुंब बसवायचे तर ६० इंच किंवा त्याहून मोठी हवी. वेष्टनावरचे माप अनेकदा कापडाच्या वक्रावरून घेतलेले असते आणि उघडल्यावर प्रत्यक्ष व्यास कमी भरतो, हेही घेताना ध्यानात ठेवावे.

आरपार छत्रीचा दोषही मोठा आहे. तिचा प्रकाश कुठेही जातो. अर्धाअधिक पुढे, उरलेला मागे, छताला, भिंतींना. मोठ्या दालनात याने बिघडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत बिघडते. भिंत पोपटी असेल तर गालाची सावलीकडची बाजू पोपटी होते, गुलाबी असेल तर गुलाबी. शिवाय पांढऱ्या भिंतींवरून उलटून आलेला प्रकाश सावल्या भरून टाकतो आणि एका छत्रीचे काम चार छत्र्यांसारखे सपाट होते. अशा खोलीत बाहेरून काळी असलेली छत्री बरी, किंवा सावलीच्या बाजूला काळे कापड टांगावे. काळे अस्तर काढता-घालता येते अशी पांढरी छत्री मिळते. लहान स्टुडिओने एकच घ्यायची झाल्यास तीच घ्यावी असे मी सुचवीन. एक छत्री, दोन स्वभाव.

रुपेरी छत्री प्रकाश कमी खाते आणि तजेला देते, म्हणून ती लोकप्रिय आहे. परंतु तिचा प्रकाश आरशाच्या गुणाचा असतो. आपल्या दमट हवेत, महामार्गाची धूळ आणि घाम घेऊन आलेल्या माणसाच्या कपाळावर लहान रुपेरी छत्री तेलकट ठिपके उठवते, आणि मग ते ठिपके संगणकावर पुसण्यासाठी सगळी कातडीच पुसली जाते. सोनेरी छत्रीचे अस्तर हळदीच्या रंगाचा लेप देते. हळदीच्या समारंभाला ते शोभते, एरवी नाही. चष्मेवाल्या आजोबांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. छत्री वर चढवावी आणि बाजूला न्यावी, म्हणजे तिचे काड्यांसहित प्रतिबिंब काचांवर उमटत नाही. बुबुळात मात्र तिचा एक लहानसा ठिपका यायलाच हवा. तो नसेल तर डोळा विझलेला वाटतो. दोन छत्र्या दोन बाजूंना असल्या की बुबुळात दोन ठिपके येतात आणि नजर नेमकी कुठे आहे ते कळेनासे होते. ओळखपत्रावरचे आपले सगळ्यांचे डोळे किंचित परके दिसतात, त्याला हेही एक कारण असावे.

इथवर तंत्र झाले. आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हे तंत्र सांगावे लागले. छायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांत छायाप्रकाशाचे जे वर्णन असते, ते बहुतांशी गोऱ्या त्वचेला समोर ठेवून केलेले असते. फिकट त्वचेचा आकार सावलीतून कळतो : गाल जिथे वळतो तिथे तो मंद होत जातो आणि डोळा ते वळण वाचतो. काळ्यासावळ्या त्वचेचे तसे नाही. ती मुळातच कमी प्रकाश परतवते, त्यामुळे सावलीतल्या पायऱ्या तिथे एकमेकींत मिसळतात. तिचा आकार कळतो तो तिच्यावरच्या चकाकीतून, गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेला, नाकाच्या दांड्यावर उमटणाऱ्या प्रकाशाच्या प्रतिबिंबातून. उगम लहान असेल तर हे प्रतिबिंब ठिपका होते. उगम मोठा असेल तर ते पट्ट्यासारखे पसरते आणि हाडाचे वळण दाखवत जाते. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर आपण हेच रोज पाहतो. विजेच्या बल्बखाली सावळ्या विठ्ठलाच्या मुखावर दोन टिंबे चमकतात; बाजूच्या दारातून दिवसाचा उजेड आला की तेच मुख घडीव होते. पाषाण पांढरा करावा, असे कोणाच्या मनात येत नाही.

तात्पर्य, सावळ्या माणसाच्या चित्रासाठी दिव्याची शक्ती वाढवणे हे चुकीचे उत्तर आहे. छत्री मोठी करणे आणि जवळ, बाजूला आणणे हे बरोबर उत्तर आहे. शक्ती वाढवली की रंग बदलतो. छत्री वाढवली की रूप दिसते. उजळ आणि उजेड यांतला फरक इथे मोजपट्टीने मोजता येतो. रुपेरी अस्तराबद्दल वर जो आक्षेप घेतला, तोही इथे थोडा सैल करावा लागेल. साठ इंचांची रुपेरी छत्री, जवळून आणि कमी शक्तीने, गडद त्वचेवर सुंदर काम करते, कारण तिथे चकाकी ही खोट नसून माहिती असते. म्हणजे अमुक छत्री चांगली, तमुक वाईट असा निवाडा शक्य नाही. समोर कोण बसले आहे, हे आधी पाहावे लागते. स्टुडिओतले दिवे सकाळी एकदा मांडून संध्याकाळपर्यंत न हलवणे, हे या पाहण्याला नकार देणे आहे.

हा नकार एकट्या काशीमीऱ्याचा नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छपाईचे मान ठरवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र प्रयोगशाळांना पाठवीत असे. पहिल्या नमुन्यातील स्त्रीच्या नावावरून अशा पत्रांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. तिची त्वचा नीट उमटली की छपाई बरोबर. इतर वर्णांच्या माणसांचे काय, हा प्रश्न बराच काळ प्रश्नच मानला गेला नाही. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातला 'फेअर' २०२० साली गेला. आपल्या मनातला गेला का, हे स्टुडिओच्या काउंटरवर उभे राहून ऐकावे. आणि आता स्टुडिओत जायचीही गरज नाही. भ्रमणध्वनीचा कॅमेरा न विचारताच गाल गुळगुळीत करतो, पार्श्वभूमी धूसर करतो आणि 'पोर्ट्रेट' असे नाव देऊन मोकळा होतो. हे मऊपण प्रकाशातून आलेले नसते, हिशेबातून आलेले असते. पहिल्यात सावलीला पायऱ्या मिळतात, दुसऱ्यात त्या पायऱ्यांवर गिलावा होतो.

मऊ प्रकाशाची दुसरी, अधिक प्रामाणिक परंपरा आपल्याजवळ आहे, आणि ती मराठी माणसाला परकी नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातील चित्र अनेकांनी दिनदर्शिकांवर राजा रविवर्म्याच्या नावावर खपवलेले पाहिले असेल. १९४५-४६च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला दिला आहे, आणि बोटांच्या फटींतून, बोटांच्या मांसातून गाळलेला प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पोहोचतो. या चित्रातला तळहात ही छत्रीच आहे. तो ज्योत वाचवतो आणि त्याच वेळी तिचा झोत आवरतो. चित्राचा बराचसा भाग अंधारात आहे आणि तो अंधार हळदणकरांनी कुठेही भरून काढलेला नाही.

चित्रपटातले उदाहरण बंगालमधले आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'च्या (१९५६) वेळी काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारावे लागले. वरच्या मोकळ्या चौकातून येणारा दिवसाचा उजेड, ज्यात कोणाचीच कडक सावली पडत नाही, तो स्टुडिओत आणायचा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले, दिवे त्याच्यावर सोडले आणि परतणाऱ्या प्रकाशात चित्रण केले. परतवणाऱ्या छत्रीचे तत्त्व हेच. सुंदर दिसावे म्हणून नव्हे, खरे वाटावे म्हणून त्यांनी प्रकाश मऊ केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आणि गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). चित्रपटसृष्टीतील चेहऱ्यांचे त्यांचे 'फेसेस' हे पुस्तक १९९७ साली आले आणि दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचा काळ त्यात आला. त्यांच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की त्यांनी सर्वांना सुंदर केले. आक्षेप निराधार नाही. तो त्यांचा पेशाच होता. पण त्यांच्या चांगल्या चित्रांतला प्रकाश नीट पाहिला तर तो एका दिशेने आलेला असतो, दुसरी बाजू मंद असते आणि प्रौढ चेहऱ्याचे वय त्यात शिल्लक असते. त्यांचे अनुकरण करणाऱ्या लग्नाच्या अल्बमांनी त्यांचा मऊपणा घेतला, दिशा टाकली.

या ठिकाणी एक गंभीर हरकत घेतली जाईल, आणि साहित्याच्या वर्तुळात तर नक्कीच. मऊ प्रकाश हा सुखवस्तूंचा प्रकाश आहे. ज्यांचे जगणे कठोर, त्यांना कठोर प्रकाशातच दाखवले पाहिजे. या हरकतीला इतिहासही आहे. जेकब रीस यांनी १८८७ नंतर न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींत फ्लॅशची पूड उडवून चित्रे घेतली आणि १८९० साली 'हाउ द अदर हाफ लिव्ज' हे पुस्तक काढले. त्या स्फोटक प्रकाशाने शहराला आपली गरिबी पाहायला लावली, हे निर्विवाद. परंतु त्या चित्रांतली दचकलेली, डोळे दिपलेली माणसेही पाहावीत. रीस यांनी चाळ दाखवली. त्या चाळीतला माणूस आपल्याला क्वचितच भेटतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून थेट मारलेला फ्लॅश कठोर असतो म्हणून खरा असतो, असे नाही. तो भिंगाच्याच दिशेने जातो, त्यामुळे सावल्या माणसाच्या मागे लपतात आणि चेहरा कागदासारखा सपाट होतो. म्हणजे दोन छत्र्यांचा गोड स्टुडिओ आणि समोरून मारलेला उग्र फ्लॅश, हे दोन्ही अखेर सावलीविहीन चेहऱ्यापाशीच पोहोचतात. एकाला आपण खुशामत म्हणतो, दुसऱ्याला वास्तव. दोघांनीही दिवा बाजूला नेण्याचे कष्ट घेतलेले नसतात.

दिवा बाजूला नेणे म्हणजे काय, हे आपल्या गद्याने फार चांगले दाखवले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये लेखक आपल्या माणसांवर भाष्याचा झोत टाकत नाही. एका बाजूने उजेड येऊ देतो आणि दुसरी बाजू मंद ठेवतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'त (१९६२) उजेड अधिक उबदार आहे, पण 'अंतू बर्वा' टिकून आहे तो त्याच्या विनोदाइतकाच त्या विनोदाखाली साचलेल्या एकटेपणाच्या सावलीमुळे. पुलंची नक्कल करणाऱ्यांनी ऊब घेतली आणि सावली टाकली, तेव्हा मराठी व्यक्तिचित्राचा लग्नाचा अल्बम झाला. आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) पाहा. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. स्वतःचेच दोन करून, सांगणारा आणि ऐकणारा यांत अंतर पाडून, लेखकाने दिवा कॅमेऱ्यापासून सोडवून घेतला आहे. म्हणून त्या अनुभवातला कठोरपणा नुसता अंगावर न येता आकार घेऊन समोर उभा राहतो. कठोर आशयाला कठोर प्रकाशच हवा, हे समीकरण या एका पुस्तकानेही मोडते.

हे सगळे नाक्यावरच्या स्टुडिओला का लागू करायचे? कारण तिथे जे पणाला लागलेले असते ते साहित्यात क्वचितच लागते. आपल्याकडे असंख्य माणसांचा, विशेषतः कष्टकरी घरांतल्या वृद्ध स्त्रियांचा, एकट्याने बसून मुद्दाम काढलेला फोटो आयुष्यात एकदाही निघत नाही. ओळखपत्रासाठी जो निघतो तोच. 'आधार'साठी तर तोही केंद्रावरच्या यंत्रासमोर क्षणार्धात निघतो. माणूस गेले की घरचे लोक धावपळीत तोच फोटो घेऊन स्टुडिओत येतात, तो मोठा होतो, चौकटीत बसतो, त्याला हार चढतो. साठ-सत्तर वर्षे ज्या चेहऱ्यावर ऊन, चूल, बाळंतपणे आणि हसू यांनी काम केले, तो चेहरा नातवंडांना मिळतो तो प्रशासनाच्या सोयीसाठी सपाट केलेला, वर संगणकावर दोन छटा उजळलेला. आजी सावळी होती, हेही पुढच्या पिढीला कळत नाही. ज्याला आपण स्मृती म्हणतो तिच्यात इतकी मोठी चूक आपण सहज चालवून घेतो, कारण ती गुळगुळीत असते.

उपाय महाग नाही. ओळखपत्राचा फोटो काढून झाल्यावर छायाचित्रकाराने एक दिवा बंद करावा, उरलेली छत्री उचलून माणसाच्या एका बाजूला, डोळ्यांच्या थोडी वर, हाताच्या अंतरावर आणावी, आणि आणखी एक फोटो घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. छत्री नसेल तर खिडकीवर जुने पांढरे धोतर ताणावे. प्रकाशाला किंमत कळत नाही, आकार कळतो. तो फोटो गिऱ्हाइकाला आवडेलच असे नाही. सावली पाहून काही जण तक्रार करतील. पण अभिरुची ही मागणीतून जेवढी घडते तेवढीच समोर ठेवलेल्या नमुन्यातूनही घडते, हे आपण वर्गात शिकवतो, ते काउंटरवरही खरे असले पाहिजे. आणि आपण अध्यापकांनी व्यक्तिचित्र शिकवताना विद्यार्थ्याला घरातल्या एखाद्या वृद्ध चेहऱ्यासमोर बसवून, उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो एवढेच आधी लिहायला सांगितले, तर गुणविशेषांच्या ठरीव याद्यांपासून आपली उत्तरपत्रिकाही थोडी सुटेल.

मराठीत 'छत्री' हा शब्द केवळ पावसापुरता नाही. राजाच्या मस्तकावर धरतात ते छत्र. आणि थोर माणसाच्या दहनस्थानी बांधतात त्या स्मारकालाही आपण छत्रीच म्हणतो. पुण्याच्या वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. छत्र काय, छत्री काय, दोन्ही माणसावर सावली धरतात आणि ती सावली त्याच्या प्रतिष्ठेची खूण असते. सामान्य माणसाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. फार तर आयुष्यात एकदा, स्टुलावर बसल्यावर, पांढऱ्या कापडाची एक छत्री त्याच्या बाजूला उघडली जाते. ती त्याची सावली पुसण्यासाठी नव्हे, जपण्यासाठी उघडावी.